दादासाठी आखूड बंदूक

२ मार्च, सोमवार

काल क्लबात हेडमास्तरांनी फळ्यावर कागद टाचला. हे आमच्या नेमबाजी क्लबाचे सेक्रेटरी. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. सलग नऊ महिने ज्याने दहा छर्‍यांचं निशाणाचं एकही कार्ड मारलं नाही, त्याचं नाव २९ तारखेच्या रविवारी कमी होणार. यादीत एकच नाव आहे, दादाचं.

मी म्हटलं, "सर, माणूस अर्धांगाने पडलाय. डावा हात उचलत नाही. त्याला कसला नियम लावता?"

"नियम तुमच्या भावानेच केलाय," ते म्हणाले. "नुसती वर्गणी भरून बाकावर गप्पा छाटणारे त्यांना नको होते. सवलत दिली तर पहिले तेच माझ्यावर तुटून पडतील."

खोटं नाही ते. दादाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. मध्येच अडकलेली कुठलीही गोष्ट त्याला बघवत नाही. क्लबातली तीन नंबरची जागा त्याची, ती गेली तर त्याच्याकडे खिडकी आणि गोळ्या एवढंच उरेल.

म्हणून ठरवलं, दादाला कार्ड मारायला लावायचं. त्याच्या जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीची नळी दर वेळी खाली वाकवावी लागते, त्याला दोन हात हवेत. पण दाबलेल्या हवेच्या बंदुका असतात. टाकीत हवा आधीच भरलेली, आपण नुसता खटका, म्हणजे बाजूचा छोटा दांडा, मागे ओढायचा. त्यातही एक आखूड जात आहे, बुलपप म्हणतात. चाप पुढे आणि सगळी यंत्रणा मागे, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यात. वजन खांद्याशी येतं, त्यामुळे पुढे पिशवीचा टेकू दिला की एका हाताने चालवता येते म्हणे. सत्तावीस दिवस आहेत. बंदूक मी निवडणार.

३ मार्च, मंगळवार

वहिनींना फोन करून बेत सांगितला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आधी येऊन तर जा."

म्हटलं, रिकाम्या हाताने येऊन काय करू, काहीतरी ठरू दे. घर दहा मिनिटांवर आहे, कधीही जाता येईल.

"निदान माप घ्यायला तरी या."

मला हसू आलं. चाळीस वर्षं दादाचे कपडे मी शिवतोय. छाती एकोणचाळीस, खांदा साडेअठरा, बाही साडेचोवीस. झोपेतून उठवून विचारा. वहीसुद्धा उघडावी लागत नाही.

मागून दादाचा आवाज आला, शब्द कळला नाही. वहिनी म्हणाल्या, "विचारतायत, काय करतोय तो."

आवाजावरून तरी रागातच वाटला.

५ मार्च, गुरुवार

एका कोटाची बाही आज तीनदा उसवली. बायको बटणं लावता लावता म्हणाली, "दादांकडे जाऊन या, म्हणजे बसेल बाही." हिला सगळ्यावर एकच औषध सुचतं.

इथे कोणी वाचायला येत नाही, म्हणून लिहून टाकतो. जूनच्या शेवटच्या रविवारी मी दादाला क्लबात हरवलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. त्याचे छर्रे कार्डभर पांगले होते. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, हात थरथरायला लागला तुझा. आता पुरे कर आणि आमचे गुण मोजत जा." लोक हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. दादाने माझ्याकडे नीट बघितलं, बंदूक पेटीत ठेवली आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये पडला.

तो हात आजाराने थरथरत होता आणि मी त्यावर विनोद केला होता.

इस्पितळात एकदा गेलो. मी खोलीत शिरलो तसं त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. वहिनी त्याच्या ओठाचा कोपरा रुमालाने टिपत होत्या. पाच मिनिटं उभा होतो, त्याने मान वळवली नाही. तोंड बघायचं नाही म्हणजे नाही, यात न कळण्यासारखं काय आहे? पुन्हा गेलो नाही. फोनवरही तो येत नाही. वहिनी म्हणतात, "नंतर बोलेन म्हणतायत." हे नंतर अजून आलेलं नाही.

तेव्हा जाईन तो बंदूक घेऊनच.

७ मार्च, शनिवार

हवावाल्याकडे गेलो. पाणबुड्यांच्या टाक्या भरून देणं हा त्याचा मूळ धंदा, बंदुका नंतर आल्या. मागे कॉम्प्रेसर धडधडत असतो म्हणून तो ओरडून बोलतो. कॉम्प्रेसर बंद असला तरी ओरडतोच.

त्याने तीन बुलपप टेबलावर ठेवल्या. मी त्यांना नावं ठेवली: लाकडी, काळी आणि बुटकी.

"हात कुठला चालतो?" तो ओरडला.

"उजवा."

"मग खटका उजवीकडे पाहिजे, आणि पुढे पाहिजे. मागे गालाशी असला तर दर छर्‍याला हात मागे न्यावा लागेल, बंदूक खांद्यावरून सुटेल."

लाकडीचा खटका नेमका मागे. म्हणजे ती बाद. पण काय देखणी आहे. उगाच पाच छर्रे मारून बघितले. पाचही कोटाच्या एका बटणाखाली झाकले गेले असते. नंतर आणखी पाच मारले. हवावाला माझ्याकडे बघत होता.

"बंदूक कुणाला घ्यायचीय?" तो म्हणाला.

"भावाला."

"मग त्यांना घेऊन या."

म्हटलं, गरज नाही, माप आहे माझ्याकडे.

१० मार्च, मंगळवार

डोकं भणभणलंय. बुलपपमध्ये चाप पुढे आणि काम मागे, मध्ये लांब सळई. त्यामुळे चाप मऊ लागतो, नक्की कधी सुटेल कळत नाही. काळीचा असाच आहे, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. दादाला तो आवडायचा नाही. बुटकीचा कडक आहे, पण तिच्यात हवेचा दाब समान ठेवणारा भाग नाही. वीसेक छर्‍यांनंतर दाब उतरतो आणि छर्रा खाली लागायला लागतो. शिवाय सगळ्यांचीच दुर्बीण नळीच्या बरीच वर बसते. बंदूक जरा कलली की नेम बाजूला गेलाच.

आणि हवा दोनशे बारची. मोटारीच्या टायरात असते तिच्या नव्वदपट. ती भरणार कोण? वहिनी?

जेवताना हे सगळं हिला सांगितलं. ही म्हणाली, "घर घेताना आपण दोन खोल्या बघितल्या आणि तिसरी घेतली. ही बंदूक घरापेक्षा मोठी आहे का?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"बंदुकीतलं नाही कळत," ती म्हणाली आणि ताटं उचलून गेली.

१३ मार्च, शुक्रवार

एका ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याकडे काळी आहे असं कळलं. बसने जायला दोन तास, यायला दोन तास. मेव्हणा भला माणूस, तास दीड तास दाखवत होता. त्याच्याकडून कळलं की त्याच्याही मनात बुटकीच होती.

परत येताना बस दादाच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. उतरावं असं वाटलं. पण हातात काय? एक पत्रक. बस सुटली.

आल्यावर वहिनींचा फोन. "रोज पाच वाजले की खिडकीशी बसवा म्हणतात. सातपर्यंत हलत नाहीत. डोळे रस्त्यावर."

मी म्हटलं, बरंच आहे, मोकळी हवा मिळते. फक्त वारा लागणार नाही याची काळजी घ्या.

त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. वहिनी हल्ली तुटक बोलतात.

१५ मार्च, रविवार

क्लबात आज मी पहिला आलो. दादा नसल्यापासून हे चौथ्यांदा. हेडमास्तरांनी पाठ थोपटली.

घरी येताना मनात पाल चुकचुकली. मी हा इतका वेळ कशाला लावतोय? बंदूक मिळाली नाही, २९ तारीख उलटली, तर क्लबात एक नंबर कोण? मी. आणि दोष कुणाचा? बाजाराचा. छे, असलं माझ्या मनात नाही. पण मनात नसतं तर हाताने लिहिलं कसं?

पाणी पिऊन आलो. नाही. दादाने यावं असंच मला वाटतं. त्याने तीन नंबरवर बसावं, मला हरवावं आणि माझ्याशी दोन शब्द बोलावेत, शिव्या असल्या तरी चालतील.

१८ मार्च, बुधवार

हवावाल्याकडे सहावी खेप. बुटकीचा दाब किती छर्‍यांनंतर उतरतो ते पुन्हा मोजत होतो. साठ छर्‍यांचा तक्ता केला होता. त्याने कॉम्प्रेसर बंद केला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"तुमच्या भावाला छर्रे किती मारायचेत?"

"दहा."

"मग साठांचा तक्ता कशाला?"

मी तक्ता घडी करून खिशात घातला. दहा छर्‍यांत बुटकीचा दाब केसभरही हलत नाही. वजनाला हलकी, खटका उजवीकडे पुढे, चाप कडक. हे सगळं पहिल्याच दिवशी माहीत होतं. अकरा दिवस घोडं कुठे पेंड खात होतं कोण जाणे.

बुटकी घेतली. दस्त्याची लांबी आणि गालपट्टीची उंची दादाच्या मापावरून लिहून दिली.

२० मार्च, शुक्रवार

आज मोठा अनर्थ टळला. बंदूक आणायला गेलो तर चाप किंचित कुरकुरत होता. खिशात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी असतेच. टोपण काढलं, चोच समोर दिसलेल्या, नेमक्या हवा भरायच्या भोकाशी नेली, तेवढ्यात हवावाल्याने माझा हात असा पकडला की बोटं अजून दुखतायत.

"इतक्या दाबाच्या हवेत तेलाचा थेंब गेला तर भडका उडतो. तोंड भाजून घ्यायचंय का? तुमचं नाही, भावाचं."

चाळीस वर्षं कुरकुर ऐकली की तेल घालायची सवय. कुपी त्याच्याकडेच ठेवून आलो. त्यानेही बंदूक सोमवारपर्यंत ठेवून घेतली, म्हणाला मीच बघतो.

२४ मार्च, मंगळवार

शेवटी गेलो.

दार वहिनींनी उघडलं. त्या बाजूला झाल्या. दादा खिडकीतल्या खुर्चीत होता. ओळखायला वेळ लागला. त्याला नाही, मला. मीच शिवलेला निळा शर्ट, आणि दादा त्यात कुठेतरी आत. कॉलरमध्ये चार बोटं सहज गेली असती. मान डावीकडे कललेली, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन इंच खाली. एकोणचाळीस छाती म्हणे. पस्तीस असली तर नशीब.

त्याने डावा गाल खिडकीकडे केला आणि तसाच ठेवला.

मी पेटी उघडली. बंदूक बघून त्याचा उजवा हात पुढे आला. खटका दोनदा मागेपुढे करून त्याने मान हलवली. खटका पसंत पडला होता. माझा जीव भांड्यात पडला. मग मेजावर पिशवीचा टेकू देऊन बंदूक त्याच्या खांद्याला लावली.

दस्ता लांब. हात चापापर्यंत पोचेना. पोचवला तर डोळा दुर्बिणीला येईना, कारण मान तेवढी उचलत नाही. बंदूक खांद्यावरून घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा त्याला धाप लागली.

मी बडबडत होतो, वहीत तर असं आहे, वहीत तर तसं आहे. वहिनी म्हणाल्या, "वहीतला माणूस आता नाही राहिला, भाऊजी. म्हणून तर या, या म्हणत होते."

बिनमापाचं कापड कापणाऱ्या शिंप्याला मी दुकानाची पायरी चढू दिली नसती.

पेटी बंद केली आणि म्हटलं, उद्या नीट करून आणतो. उठलो तर दादाने माझं मनगट धरलं. उजव्या हातात अजून पान्ह्याची पकड आहे. एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "नऊ महिने... कुठे... होतास?"

"तू माझ्यावर रागावला होतास."

"मी?" त्याने विचार केला. "कशाबद्दल?"

मोठेपणा आहे त्याचा, दुसरं काय. मला ते सगळं पाठ आहे आणि तो विसरेल होय? पण मी लगेच निघालो नाही. वहिनींनी चहा केला, तो संपेपर्यंत बसलो. मग दुसरा कप झाला.

२५ मार्च, बुधवार

टेप घेऊन गेलो. खांद्यापासून कोपर, कोपरापासून बोट, बसल्यावर डोळा मेजापासून किती वर. सगळं नव्याने. गालाशी टेप लावायला जवळ गेलो तर त्याने पुन्हा तोंड फिरवलं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ आली होती. मी रुमाल काढून पुसली आणि म्हटलं, "सरळ बघ, माप चुकतं." तो सरळ बघायला लागला. अर्धं तोंड खाली ओघळलंय. आधी का नाही दिसलं मला? म्हणजे त्या दिवशी इस्पितळात सुद्धा? यावर नंतर नीट विचार केला पाहिजे.

आज खुर्ची खिडकीतून काढून मेजाशी ठेवली होती. वारा बाधत असणार.

दस्ता दीड इंच कापायचा. दुकानात बसून गालपट्टीवर नमद्याची गादी शिवली, दोन थर, मानेच्या कलाप्रमाणे एका बाजूला जाड. हिने कॅनव्हासची पिशवी शिवून त्यात वाळू भरली. दोन मशिनं समोरासमोर चालू होती. कितीतरी दिवसांनी एकही टाका उसवावा लागला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

तीन नंबरवर हात असलेली खुर्ची मागायला हेडमास्तरांकडे गेलो. खुर्ची दिली. छर्रे मी भरून देईन म्हटलं तर म्हणाले, नियमात कुठे नाही म्हटलंय? खटका मात्र त्यांनीच ओढायचा.

मग त्यांनी खण उघडून एक बंद पाकीट दाखवलं. वर दादाच्या अक्षरात "राजीनामा".

"जूनमध्ये, त्या रविवारी. इथे बसून पाच मिनिटांत लिहिलं आणि टेबलावर ठेवून गेले. मी फोडलं नाही. फोडलं तर सभेपुढे ठेवावं लागतं. परवा कार्ड मारलं तर त्यांचं त्यांना परत."

"आत काय आहे?"

"फोडलं नाही म्हणतोय ना."

मला माहीत आहे आत काय आहे. माझं नाव आहे. सख्ख्या भावाने चारचौघांत पाणउतारा केला म्हणून क्लब सोडतोय, असं असणार. आणि मला विचारतो, कशाबद्दल. कात्री हातातून दोनदा पडली आज.

२९ मार्च, रविवार

वहिनी आणि ही, दोघीही आल्या. दादा काठी टेकत तीन नंबरपर्यंत चालत गेला. खुर्चीत बसला, मी वाळूची पिशवी लावली, दहा छर्रे भरले आणि मागे झालो. डोळा दुर्बिणीला आला. नमद्याच्या गादीवर गाल नीट टेकला.

पहिला छर्रा कार्डालाच लागला नाही. दुसरा कोपऱ्यात लागला. प्रत्येक छर्‍यानंतर तो हात चापावरून काढायचा, खटका ओढायचा, श्वास घ्यायचा, मग पुन्हा गाल टेकायचा. बाकावरच्या गप्पा थांबल्या होत्या. सहाव्यानंतर त्याने डोळे मिटले. मी वाकून म्हटलं, "दादा, पुरे करायचं?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने मागे गेलो. दहा छर्‍यांना पन्नास मिनिटं लागली. हेडमास्तरांनी गुण दोनदा मोजले. शंभरात त्रेचाळीस. दादाने वाईट तोंड केलं. हेडमास्तरांनी कार्डावर सही केली आणि फळ्यावरचा कागद काढून टाकला.

मग त्यांनी पाकीट आणून दादासमोर ठेवलं. दादाने ते माझ्याकडे सरकवलं. फोड, अशी खूण केली. मला नको होतं. पण सगळे बघत होते.

अक्षर वेडंवाकडं होतं, ओळी उतरत गेलेल्या. शब्द आहेत तसे उतरवतो.

"सेक्रेटरी यांस. आज धाकट्याने सांगितलं की माझा हात थरथरतो. मला स्वतःला ते कळलं नव्हतं. त्याची नजर चुकत नाही, वाकडा टाका त्याला लांबूनही दिसतो. तेव्हा आता मी थांबणं बरं. माझं नाव कमी करावं. तीन नंबरची जागा त्याला द्यावी, तो माझ्यापेक्षा चांगला मारतो. मी गुण मोजायला येत जाईन."

मला पुढचं काही दिसेना. हिने पाठीवर हात ठेवला एवढं कळलं.

दादाने कागद माझ्या हातातून घेतला आणि फाडायला गेला. एका हाताने कागद फाटत नाही. त्याने तो मेजावर कोपराने दाबून ओढून बघितला, तो नुसता चुरगळला. हेडमास्तर पुढे आले, तर त्याने मान हलवून त्यांना थांबवलं. मग एक टोक स्वतःच्या मुठीत धरून दुसरं माझ्यापुढे केलं.

"धर," म्हणाला.

मी धरलं.

"ओढ."

मी ओढलं. कागद मधोमध फाटला नाही. मोठा तुकडा त्याच्या हातात राहिला.